गिरिजाबाईंच्या घराला एकोणसाठ

कप आधी खाली ठेवा. हसून सांडेल म्हणून नाही म्हणत; या गोष्टीत हसण्यासारखं किती आहे, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. पण तुम्ही विचारलंत की मी हल्ली तळ्याकाठी जायचं का सोडलं, आणि कुणाला खोटं उत्तर द्यायची माझी आता छाती होत नाही. एकदा दिलं होतं. एकाच शब्दाचं होतं. त्या एका शब्दाने मला कुठवर नेलं तेच सांगतो.

मी नल्लकुंट्याला राहतो, पॉलिटेक्निकात तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, हे तुम्हाला माहीत आहे. मला हौशी रेडिओचा नाद आहे हेही माहीत असेल. गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे. सरकारची परीक्षा द्यायची, लायसन्स काढायचं, आणि आपल्या यंत्रावरून जगातल्या दुसऱ्या तशाच नादिष्ट माणसाशी बोलायचं. मध्ये टॉवर नाही, सिम नाही. एक बॅटरी, एक डबा आणि उंच बांधलेली तार, बस.

घरात हे जमत नाही. आमच्या गल्लीत इतके इन्व्हर्टर आणि इतक्या लिफ्ट झाल्यात, की रेडिओ लावला की नुसती खरखर ऐकू येते. म्हणून रविवारी सकाळी मी आणि श्रीनिवास शहराबाहेर जायचो. श्रीनिवास माझा जुना विद्यार्थी. आता स्वतः चाळिशीचा आहे आणि माझ्यापेक्षा शहाणा आहे. पाण्याजवळ तार बांधली की आवाज लांब जातो, त्यामुळे आमची ठरलेली जागा म्हणजे एका तळ्याचा बांध. तळ्याचं नाव सांगत नाही. तिथले लोक मला ओळखतात, तेवढं पुरे आहे.

उघड्यावर बसून हा उद्योग करणाऱ्याला एकच त्रास असतो, तो म्हणजे रस्त्याने जाणारी माणसं.

आमच्या हैदराबादचा माणूस काही वेगळं दिसलं आणि न विचारता पुढे गेला, असं होतं का कधी? "क्या पकड़ रहे जी, मछली?" हा पहिला प्रश्न, कारण आमची तार जिच्यावर चढते ती मासे पकडायच्या गळाची लांब काठी असते. "टावर लगा रहे क्या?" हा दुसरा. मग "इसमें मॅच आती?" मग "कित्ते का पड़ा?" आणि सगळं समजावून झाल्यावर शेवटचा, अगदी हळहळून विचारलेला: "फोन है ना तुमारे पास, फिर कायकू परेशान होरें?"

हा शेवटचा प्रश्न आला की मी हेडफोन परत कानांवर चढवायचो.

वर्गात पोरांनी एखादा तरी प्रश्न विचारावा म्हणून मी तीस वर्षं वाट पाहिली. कुणी विचारला नाही. आता सगळा गाव विचारत होता तर माझा जीव वैतागत होता. हेडफोनमध्ये कुठल्याशा बेटावरचा माणूस पुसट आवाजात मला हाक मारतोय, आणि नेमकं तेव्हाच खांद्यावर टकटक होते. मागे वळून मासे नाहीत म्हणून सांगेपर्यंत ते बेट निघून गेलेलं असायचं.

श्रीनिवास मात्र प्रत्येकाला शांतपणे सगळं सांगायचा. "दो मिनट की तो बात है सर," म्हणायचा. ती दोन मिनिटं वाचवायला मी एक युक्ती काढली.

त्या रविवारी तार बांधून झाली होती. काठी उभी राहावी म्हणून तिला तीन दोर ताणावे लागतात, आणि दोरात अडखळून कुणी पडू नये म्हणून त्यांना आम्ही लाल फिती बांधतो. सुलतान बाजारात चार दुकानं फिरून मी त्या चांगल्या भडक आणल्या होत्या. बांधाखाली दहा-बारा घरांची एक ओळ आहे. तिसऱ्या दोराचा खुंटा उतारावर गेला, तो नेमका एका घराच्या मागच्या भिंतीपासून हातभर अंतरावर. मी टेपने अंतरं मोजली आणि वहीत लिहिली. हे मी दर वेळी करतो. श्रीनिवास इडली आणायला गेला.

तेवढ्यात सायकलवरून एक जण उतरला. "क्या चलरा साब?"

मी वहीतून मान वर केली नाही. म्हणालो, "सर्वे."

त्याने पुढचा प्रश्न विचारलाच नाही. फितींकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं, सायकल वळवली आणि आला होता त्याच बाजूला गेला. मग एक भाजीची पिशवी घेतलेला आला. त्यालाही तेच सांगितलं, तोही गेला. पाच मिनिटांत बांध मोकळा झाला.

इतका सोपा शब्द आपल्याला इतकी वर्षं कसा सुचला नाही, याचंच मला वाईट वाटलं. ते लोक इतक्या घाईने का गेले, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही. मी हेडफोन चढवले आणि डोळे मिटून जगाला हाका मारायला लागलो.

तुम्ही इथलेच, तुम्हाला वेगळं सांगायला नको. तळ्यांच्या हद्दीत बांधलेली घरं पाडायची मोहीम तेव्हा जोरात होती. कुठल्या तरी तळ्याकाठी सकाळी सकाळी यंत्रं आली आणि लोकांना कपाटंसुद्धा बाहेर काढता आली नाहीत, असे व्हिडिओ ज्याच्या त्याच्या मोबाइलवर फिरत होते. त्या ओळीतल्या प्रत्येक घरात महिनाभर एकच धास्ती होती, की एक दिवस टेप आणि लाल निशाण्या घेऊन कुणी तरी येणार. मी रोज पेपर वाचतो. हे सगळं मला माहीत होतं. फक्त त्याचा आणि माझा काही संबंध आहे, हे डोक्यात आलं नाही.

अर्ध्या तासाने हेडफोन काढले, तर माझ्याभोवती पंधराएक माणसं उभी होती. कुणी काही विचारत नव्हतं.

कुणी तरी माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. एका घरातल्या सुनेने स्टीलच्या ग्लासात चहा आणून दिला, तोही बशीने झाकून. मला काय वाटलं असेल, सांगा. मला वाटलं, शेवटी लोकांना या छंदाची किंमत कळली. मी खुर्चीवर बसलो, चहा घेतला आणि चार शब्द बोलावेत असं मला वाटलं.

"हम पब्लिक की सेवा के लिए हैं," मी म्हणालो. "कल को इधर पानी भर गया, लाइट गई, फोन बंद पड़े, तो सबसे पहले हमारेच लोग इधर आएंगे."

टाळ्या काही पडल्या नाहीत. एक बाई तोंडाला पदर लावून घराकडे निघून गेली. ती भारावली असावी, असं मी समजलो.

मग माझा फोन वाजला. घरून होता. "हो गं, जेवायला घरीच आहे. दोन पोळ्या जास्त टाक, श्रीनिवासही येईल," एवढं बोलून फोन खिशात टाकला, तर गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. साठी कधीच उलटून गेलेली, पदर डोक्यावर, आणि दोन्ही हातांत छातीशी धरलेली एक प्लास्टिकची पिशवी.

"साहेब, तुमी मराठी हाव?" ती म्हणाली. "देवच पावला मग. आमी भालकीकडले. गिरिजाबाई माजं नाव. ह्यो खुंटा ठोकला न्हवं तुमी, ते घर माजं हाय."

आणि गिरिजाबाईंनी पिशवीतले कागद काढून माझ्या मांडीवर ठेवले.

"समदे हाईत बगा. रजिस्ट्री हाय, घरपट्टीच्या पावत्या हाईत, लाइटबिल हाय. मालक बस डेपोत हुते. रिटायर झाल्यावर बांदलं, अन् दोन वर्सांत गेले. आता पोरगा म्हनतो, आई, पाडायच्या आत सामान घिऊन गावाकडं जाऊ. तुमी आल्यापासून सून भांडी बांदायलीय. मला खोटा धीर नको. घर ऱ्हातंय का जातंय, तेवढं सांगा."

मी बांधाखाली पाहिलं. त्यांच्या दारात सामान वाहायची एक ट्रॉली उभी होती. ट्रॉलीत लोखंडी कपाट, शेगडी आणि तुळशीची कुंडी. कुंडी हलून पडू नये म्हणून कुणी तरी ती कपाटाच्या पायाला साडीच्या काठाने बांधली होती.

तेव्हा मला कळलं. सायकलवाला का वळला, खुर्ची का आली, चहा का आला, ती बाई पदर लावून का गेली, सगळं एकदम कळलं.

तुम्ही म्हणाल, मग तिथल्या तिथे खरं सांगून मोकळं व्हायचं. मीही तेच म्हणतो, रोज म्हणतो. पण पंधरा माणसं उभी होती आणि त्यातल्या एकाच्या हातात चांगला जाड बांबू होता. त्यांचा चहा माझ्या पोटात गेला होता. आणि मी, जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, आत्ताच खुर्चीवर बसून भाषण ठोकलं होतं. "बाई, मी इथे आपला मजेसाठी बसलोय," हे वाक्य घशातून वर येईना.

गिरिजाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला त्यांचं वाईट वाटत होतं आणि स्वतःच्या जिवाची भीती वाटत होती. दोन्ही मिळून मी नको तेच केलं. कागद चाळायला लागलो. मला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. एक कागद मी उलटा धरला होता, असं नंतर श्रीनिवासने सांगितलं. सगळे कागद पाहून झाल्यावर मी घसा साफ केला.

"सामान उतरवा," मी म्हणालो. "तुमचं घर कुठे जात नाही."

बाईंनी डोळे मिटले. मग पदराने पुसले. आपण एक चांगलं काम केलं असं मला वाटलं, आणि ते सुख मी दोन-तीन श्वास उपभोगलं.

"मग तेवढं लिवून द्या," त्या म्हणाल्या.

इथे तुम्हाला आमच्या छंदातली एक रीत सांगायला हवी. रेडिओवर कुणाशी बोलणं झालं की त्याला एक कार्ड पाठवायचं. पोस्टकार्डाएवढं. त्यावर मोठ्या अक्षरांत आपली कॉलसाइन, म्हणजे सरकारने आपल्याला दिलेलं अक्षरं-आकड्यांचं नाव. खाली आपला पत्ता, आणि मग रकाने: तारीख, वेळ, आणि समोरच्याचा आवाज कसा आला त्याचे दोन आकडे. शब्द न् शब्द कळला तर पहिला आकडा पाच. आवाज दणदणीत असला तर दुसरा नऊ. एकोणसाठ म्हणजे सगळ्यात उत्तम. माझ्या कार्डावर पृथ्वीचा गोल छापलेला आहे आणि त्यातून वीज बाहेर पडते आहे. कुठल्याही सरकारी कागदापेक्षा ते कार्ड जास्त सरकारी दिसतं.

खिशात दुसरा कागद नव्हता. मी कार्ड काढलं. नावाच्या जागी लिहिलं, "गिरिजाबाई यांचं घर". तारीख लिहिली, वेळ लिहिली. हात सवयीने चालला होता. पुढचा रकाना आला, त्यात ५९ लिहिलं आणि खाली सही ठोकली.

"एकोनसाट म्हंजे?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"म्हणजे उत्तम."

एवढं एकच त्या दिवशी मी खरं बोललो.

मग रांग लागली. न लागून काय करेल? प्रत्येक जण घरात जाऊन पिशवी घेऊन आला, आणि एकाला दिल्यावर दुसऱ्याला कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? मी कार्डं लिहीत गेलो. सगळ्या घरांना एकोणसाठ. शेवटी यादगिरी आला. ऑटो चालवतो, आणि बांबू होता तो त्याच्याच हातात. त्याच्या घराचा एक कोपरा पाण्याच्या बाजूला जरा पुढे आलेला दिसत होता. काय झालं कुणास ठाऊक, माझ्यातला परीक्षक जागा झाला. सगळ्या वर्गाला सारखे मार्क देणं मला पटेना. मी त्याला ५७ दिले.

यादगिरीने शेजाऱ्याचं कार्ड पाहिलं, मग आपलं पाहिलं.

"साब, इनको उनसठ, मेरेको सत्तावन कायकू?"

"ये भी अच्छाच है," मी म्हणालो.

"अच्छा है तो दो कम कायकू? इनका पत्रे का घर है. मेरा स्लॅब का है."

"सिग्नल थोड़ा कम आरा," माझ्या तोंडून निघून गेलं.

"घर का सिग्नल?"

शेजारचे लोक यादगिरीपासून जरा लांब सरकले. त्याच्या बायकोने तिथेच डोळ्यांना पदर लावला. आणि त्याच वेळी श्रीनिवास इडलीचा पुडा घेऊन बांधावर चढला.

त्याला काय दिसलं, विचार करा. मी खुर्चीवर बसलोय, मांडीवर लोकांच्या घरांचे कागद आहेत, सगळ्यांच्या हातांत माझी कार्डं आहेत, आणि एक ऑटोवाला माझ्याशी दोन मार्कांसाठी भांडतोय.

त्याने मला बाजूला घेतलं. "सर, आप इनको क्या बोले?"

"सर्वे."

त्याला समजायला माझ्यासारखा अर्धा तास लागला नाही. त्याने फिती पाहिल्या, ट्रॉली पाहिली. "अभी सच बोल दो सर," तो म्हणाला. "अभीच."

"घर जाके देखेंगे," मी म्हणालो. परत येऊन यादगिरीच्या कार्डावरचा सात खोडून नऊ केला, तार गुंडाळली, दोर सोडले, फिती खिशात कोंबल्या. आम्ही निघालो तेव्हा गिरिजाबाईंची सून ट्रॉलीतून तुळस उतरवत होती. मी दुसरीकडे बघत गाडीत बसलो.

घरी बायकोला सांगितलं. तिचं लाटणं थांबलं.

"म्हणजे तुम्ही सरकारी साहेब असल्याचं सोंग केलंत?"

"सोंग नाही गं. गैरसमज झाला."

"गैरसमज त्यांचा झाला. तुम्हाला तर समजलं होतं ना?"

पुढच्या रविवारी त्या बाजूला फिरकलोही नाही. श्रीनिवासने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मला सर्दी होती. मला भीती वाटत होती, सरळ सांगतो. मग मी मनाची समजूत घातली, की माझ्यामुळे एका घरातलं रडणं तरी थांबलं, यात कुणाचं काय बिघडलं? अशी समजूत घालायला मला फार वेळ लागत नाही.

तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर गिरिजाबाई. मागे यादगिरी, हातात ऑटोची किल्ली. पत्ता शोधायची गरज नव्हती, तो मीच छापून दिला होता.

मी बसा म्हणालो. बाई बसल्या नाहीत.

"साहेब, तुमच्या मागनं तीनच दिसांनी, बुधवारी, दुसरे साहेब आले," त्या म्हणाल्या. "त्येंनी बी मोजलं. माज्या भिताडावर लाल फुली मारली अन् हातात नोटीस दिली. मी तुमचं कार्ड दावलं. त्येंनी त्येचा फोटो काढला अन् हसले. मला सांगा, ते खरे का तुमी खरे?"

यादगिरीच्या भिंतीवर फुली नव्हती. त्याला हे कोडं सुटत नव्हतं. "मेरेको तुम कम दिए थे साब," तो म्हणाला. "मेरा घर छोड़ दिए, इनका पकड़ लिए. ये कैसा हिसाब?" तो चिडलेला नव्हता. त्याला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

मी नोटीस घेतली. खाली इंग्रजीत होतं: हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी द्यावी. मी बोटांवर दिवस मोजले. पंधरावा दिवस काल होऊन गेला होता.

"तुम्ही हरकत दिली नाहीत?"

"पोरगा रोज म्हनत हुता, जा म्हनून. मीच म्हनलं, आपल्याकडं मोठ्या साहेबाचं कार्ड हाय, कशाला जायचं?"

मी नोटीस घडी घालून त्यांच्या हातात परत दिली. मग सांगितलं. रेडिओ, तार, फिती, तो एक शब्द, कार्ड, एकोणसाठ म्हणजे काय, सगळं. आधी मराठीत सांगितलं, मग यादगिरीसाठी पुन्हा हिंदीत. दुसऱ्यांदा सांगताना ते पहिल्यापेक्षा वाईट वाटलं.

गिरिजाबाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पर मी तर तुमास्नी सरळ इचारलं हुतं," एवढंच त्या म्हणाल्या.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. काही सुचेना, चप्पलही सापडेना. शेवटी यादगिरीच म्हणाला, "चलो साब, आफीस पाच बजे तक रहता." मी तसाच, घरातल्या शर्टावर, त्याच्या ऑटोत बसलो. अंबरपेठेच्या सिग्नलला गाडी बराच वेळ अडकली. बाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

ऑफिसात रांग होती. खिडकीच्या जाळीमागे पन्नाशीच्या एक मॅडम होत्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी कागद घेतले, नोटीस पाहिली, तारीख पाहिली आणि कागद परत सरकवले.

"लास्ट डेट कल थी अम्मा."

"मॅडम, एकच दिन हुआ है," मी मध्ये तोंड घातलं.

"एक दिन हो या एक साल. लेट है तो कारण लिख के देना पड़ता. बीमार थे तो डॉक्टर का कागज. घर में कोई मर गए तो उसका सर्टिफिकेट. क्या कारण है?"

गिरिजाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आप कौन?"

मी सांगायला लागलो. मागे वीसएक माणसं उभी होती, पंखा बंद होता, आणि जाळीतून मोठ्याने बोलावं लागत होतं. मॅडम मध्ये मध्ये विचारत होत्या. कसला रेडिओ? कुणाशी बोलता? ते लोक तुमच्या ओळखीचे असतात का? लायसन्स कोण देतं? याचं काही मिळतं का? मी प्रत्येक प्रश्नाचं पूर्ण उत्तर दिलं. रांगेतल्या एकाने विचारलं, यावर दुबईला बोलता येतं का. त्यालाही सगळं समजावून सांगितलं. घाई करायची माझी लायकीच उरली नव्हती.

"तो फिर सर्वे कायकू बोले?" मॅडमनी शेवटी विचारलं.

"लोगां सवाल नक्को पूछना बोलके," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. मग एक कोरा कागद जाळीखालून सरकवला. "लिखो."

मी इंग्रजीत लिहिलं. मी कोणत्याही खात्याचा अधिकारी नाही. मला जमिनीच्या मोजणीतलं काहीही कळत नाही. या बाईंच्या घराबद्दल मी जे लिहून दिलं त्याला काही अर्थ नाही. ते गैरसमजातून घडलं. माझ्यावर विसंबल्यामुळे त्यांना हरकत द्यायला उशीर झाला.

मॅडमनी वाचलं आणि एका ओळीवर पेन ठेवलं. "गलतफहमी इनको हुई थी. आपको तो मालूम था."

हे मी दुसऱ्यांदा ऐकत होतो. ती ओळ खोडून मी लिहिलं: मला खरं सांगायची हिंमत झाली नाही. मग सही केली, आणि सवयीने सहीखाली कॉलसाइन टाकली. मॅडमनी विचारलं हा कुठला नंबर. तीही खोडायला लावली.

"ऊपर के साहब मानेंगे ना ये?" मी भीत भीत विचारलं.

"बुखार का कागज लाते, साहब शक करते," मॅडम शिक्का शोधत म्हणाल्या. "शादी का कार्ड लाते, उसपे भी शक करते. इसपे कौन शक करेगा? अपने बारे में ऐसा झूठ कौन लिखता?"

शिक्का बसला. पोचपावती मिळाली. गिरिजाबाईंनी शिक्क्याच्या ओल्या शाईला न लागेल असं बोट त्याच्याभोवती फिरवलं आणि विचारलं, "ह्यो खरा हाय ना?" मला नाही, यादगिरीला विचारलं. त्याने मान हलवली तेव्हा कुठे त्यांनी कागद पिशवीत ठेवला.

दोन महिन्यांनी पुन्हा मोजणी झाली, जुने नकाशे लावून, या वेळी खरी. गिरिजाबाईंचं घर हद्दीच्या बाहेर निघालं. फुलीवर चुना मारला. मी पेढे घेऊन गेलो होतो. त्यांनी घेतले, पाणी दिलं, बसायला सांगितलं. फार बोलल्या नाहीत, पण पोराला हाक मारून म्हणाल्या, "ह्येच ते."

मोजणीनंतर ऑफिसातून आलेल्या आदेशाची प्रत त्यांनी लॅमिनेट करून दाराशेजारी लावली आहे. पुन्हा कुणी टेप घेऊन आलाच, तर त्याने आधी ते वाचावं म्हणून. आदेश दीड पानाचा आहे. घर तळ्याच्या हद्दीबाहेर आहे, ही त्यात एक ओळ. बाकीचं सगळं उशीर का माफ केला याबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल आहे. नाव, वय, नल्लकुंट्याचा पत्ता, आणि मी लिहून दिलेला जबाब शब्दशः, तेलुगूत आणि इंग्रजीत.

बांधावरून जाणारी माणसं थांबतात, वाचतात आणि विचारतात, "ये कौन है अम्मा?" आणि गिरिजाबाई हातातलं काम बाजूला ठेवून, जराही न कंटाळता, पहिल्यापासून सगळं सांगतात.